अहमदाबाद म्हणे सव्वा तासावर!

मुंबई-अहमदाबाद हवाई अंतर साधारण ४४० किलोमीटर. वेळापत्रकात विमानाला सव्वा तास, त्यातही हवेत जेमतेम ५०-५५ मिनिटं.

हे आकडे मला पाठ झालेत. गेल्या वर्षी अहमदाबादला आत्याचे यजमान वारले. सकाळी सातला फोन आला. वडील एवढंच म्हणाले, "मी येईपर्यंत थांबा म्हणावं." दुपारी १२ चं विमान मिळालं. आठला चांदीपहून निघालो. विमानतळ पन्नासेक किलोमीटर. जायचं उत्तरेला आणि आम्ही निघालो दक्षिणेला! वर्सोवा पुलाच्या अलीकडे हायवे ठप्प. पोचायला साडेतीन तास लागले. काउंटर कधीच बंद झालेला.

रात्री बोरिवलीहून रेल्वे पकडली. अर्ध्या तासात खिडकीत विरार स्टेशन आलं. वडील म्हणाले, "घरीच परत आलो की रे." अंत्यविधी तर संध्याकाळीच उरकला होता.

आता बुलेट ट्रेन येतेय. ५०८ किलोमीटर, मोजके थांबे घेतले तर दोन तास सात मिनिटं. १२ स्टेशनांत विरारही आहे. चांगलंच आहे, विरोध नाही. पण मांडवी, चांदीप, उसगावच्या माणसाने त्या स्टेशनापर्यंत जायचं कसं, हे कुणी सांगतंय का? एसटी किती, रस्ता कुठला? पुढचा सगळा प्रवास वेगवान झाला तरी पहिले पंधरा-वीस किलोमीटर तसेच राहिले, तर आमच्यासाठी अहमदाबाद आहे तिथेच.

तुमच्या घरून विमानतळाला किती तास लागतात? गावाच्या नावासकट खाली लिहा. यादी करून लोकप्रतिनिधींना देतो.