नोंद नसलेल्यांची यादी

४ ऑगस्ट, सोमवार
आशाताईंसाठी यादी काढायची आहे: नऊ महिने पूर्ण होऊनही गोवर-रुबेलाचा पहिला डोस न मिळालेली मुलं. टेबलं तीन: गाव, बालक, लसीकरण. जुन्या क्वेरीत बालकाला लसीकरण लेफ्ट जॉइननं जोडलंय आणि खाली व्हेअरमध्ये 'लस = एमआर' ही अट आहे. यादीत आली ती सगळी लस घेतलेली मुलं. ज्यांच्या दारी जायचं, तीच गायब!

५ ऑगस्ट, मंगळवार
लेफ्ट जॉइन लस न घेतलेल्या मुलाचीही ओळ ठेवतो, लसीचे रकाने नलनं भरतो. पण नलची तुलना कशाशीही केली तरी उत्तर 'अज्ञात' येतं, आणि व्हेअर फक्त 'खरं' ठरलेल्या ओळीच पुढे सोडतं. म्हणजे वर राखलेली मुलं खाली गळतात. लसीची अट ऑनमध्ये नेली. व्हेअरमध्ये लसीकरणाचा आयडी 'इज नल' एवढंच तपासलं. गावाची आणि वयाची अट मात्र व्हेअरमध्येच हवी. ती ऑनमध्ये टाकली, तर दुसऱ्या गावातली लस घेतलेली मुलंही 'डोस बाकी' म्हणून यादीत शिरतील. इनर जॉइनला हा भेद नाही. अट कुठंही लिहा, ओळी त्याच. १९९२च्या एसक्यूएल मानकानं जोडणीची अट गाळणीपासून वेगळी लिहायची सोय दिली, तिचं मोल इथं कळतं.

७ ऑगस्ट, गुरुवार
सहकाऱ्यानं विचारलं, "सरळ नॉट इन का नको?" करून पाहिलं. लसीकरणाच्या एका ओळीत बालकाचा आयडी रिकामा होता. तेवढ्यानं अख्खी यादी शून्यावर आली. नॉट एक्झिस्ट्सला अशी रिकामी नोंद बाधत नाही. दुपारी घरभेटींचं टेबल जोडलं, तर तीन भेटी झालेलं मूल तीनदा दिसलं. डिस्टिंक्ट लावून हे झाकणं मला पटत नाही. भेट झाली की नाही एवढंच हवं असेल, तर एक्झिस्ट्सनं तेवढंच विचारावं.

८ ऑगस्ट, शुक्रवार
यादी देण्याआधी पडताळा घेतला: डोस मिळालेली अधिक न मिळालेली, बेरीज गावातल्या पात्र मुलांइतकी. एखादं मूल गळलं किंवा दुबार आलं, तर ही बेरीज लगेच चुकते. अनेक टेबलांच्या प्रत्येक अहवालाला असा ताळा हवाच. यादीतून गळालेल्या मुलाच्या घरी कुणी जात नाही.