मोटारीचा हिशेब

गेल्या रमजानची गोष्ट. तरावीहहून परतल्यावर थोरल्याने माझ्यापुढे वहीतला एक कागद ठेवला. "अम्मी, जरा देखो ना." कागदावर पाच ओळी होत्या. जुनी ओम्नी ४५ हजार, लोखंडी पाइप ५ हजार, टायर १० हजार, फायबर आणि रंग १५ हजार, इतर १० हजार. खाली दोन रेघा ओढून एकूण ८५ हजार. वर ठळक अक्षरांत लिहिले होते: स्पोर्ट्स कार.

मला आधी हसू आले. नंदुरबारच्या आमच्या घरात एक स्कूटर आहे, तीही सकाळी मी शाळेत नेते आणि दुपारी मुलांचे अब्बा मिरचीच्या पथारीवर नेतात. ते तिथे व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात. मी उर्दू शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. मुलगा तेव्हा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता आणि संध्याकाळी चाचाच्या गॅरेजमध्ये हात काळे करायचा. अशा घरात स्पोर्ट्स कार!

पण त्याने जे सांगितले ते अगदीच हवेतले नव्हते. इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन या माणसाने १९५७ साली 'लोटस सेव्हन' नावाची दोन आसनी मोटार काढली. ती तयार घेतली तर कर लागायचा, सुट्या भागांच्या स्वरूपात घेतली तर तो वाचायचा. म्हणून लोक खोकी घरी नेत आणि स्वतः जोडत. तिचे गमक एकच, वजन कमी. दार नाही, छप्पर नावापुरते, पातळ पाइपांचा सांगाडा आणि वर पत्रा. गाडी हलकी असली की लहान इंजिनही तिला पळवते. पुढे १९९६ साली रॉन चॅम्पियन यांनी अशी गाडी अडीचशे पौंडांत कशी बांधावी यावर पुस्तकच लिहिले. जुनी मोटार विकत घ्यायची, तिचे इंजिन, गिअर, चाके काढायची आणि एक इंची चौकोनी पाइप जोडून केलेल्या सांगाड्यात बसवायची.

"मग मारुती ८०० का नाही? ती तर गल्लोगल्ली मिळते," मी विचारले. त्यावर त्याने मलाच शिकवले. मारुती ८०० चे इंजिन पुढची चाके फिरवते. ओम्नीचे इंजिन त्याच ७९६ सीसीच्या घराण्यातले, पण ते पुढच्या सीटखाली असते आणि मागची चाके फिरवते. त्याला हवी तशी गाडी मागच्या चाकांवर चालणारी. मुलगा अभ्यासाचे पुस्तक उघडल्यावर इतके सरळ बोलत नाही.

त्याची नजर कशावर होती हे मला ठाऊक होते. पंधरा जणींची आमची दहा हजारांची भिशी आहे. बोलीची नाही, साधी चिठ्ठीची. त्यात सूदचा प्रश्न येत नाही. माझी चिठ्ठी काही निघेना, शेवटचा नंबर माझाच उरला होता. जूनमध्ये दीड लाख हातात येणार होते आणि ते मुलीच्या नीटच्या शिकवणीसाठी ठरलेले होते. ती अकरावीची परीक्षा देत होती. कर्जाचे म्हणाल तर मुलगा एकदा 'हप्ता' शब्द बोलला आणि अब्बांनी फक्त वर पाहिले. तो विषय तिथेच संपला.

सरळ नाही म्हणावे, तर मुलगा वीस वर्षांचा. म्हणून मी मास्तरकी केली. "ठीक आहे, ईदनंतर आपण नीट अंदाजपत्रक करू," म्हटले. मनात पक्के होते की आकडे वाढत जातील आणि नाही हा शब्द त्याच्याच तोंडून निघेल. वर्गात मी अनेकदा असे करते.

ईदनंतरच्या रविवारी बसलो. मी जुना, अर्धा कोरा हजेरीपट घेतला. पहिल्या ओळीवरच मी चकित झाले. मला वाटत होते सांगाडा सर्वांत महाग असेल, कारण गाडी म्हणून डोळ्यांना तोच दिसतो. पण २५ मिलिमीटरचा १६ गेजचा चौकोनी पाइप मीटरला किलोपेक्षा थोडा जास्त भरतो. पन्नास मीटर घेतला तरी साठ किलोच्या आत. भाव काट्यावर, किलोचा. म्हणजे मुलाचे ५ हजार बरोबर होते! कापण्यात वाया जाणाऱ्यासाठी मी फक्त दीड हजार वाढवले.

खरा खड्डा होता शेवटच्या ओळीत, 'इतर'मध्ये. आपल्याकडे लग्नाचा खर्च मांडतानाही असेच होते. हॉल, जेवण, कपडे, दागिने लिहितो आणि खाली 'इतर' म्हणून एक गोल आकडा टाकतो. वलीमा आटोपल्यावर कळते की घर 'इतर'नेच धुऊन नेले. मी त्याला म्हटले, 'इतर' खोड आणि त्यातली एकेक वस्तू लिही. तो लिहू लागला. ओम्नी आणायचा टेम्पो साडेतीन हजार. वेल्डिंगचे रॉड, ग्राइंडरच्या चक्त्या, ड्रिलच्या पात्या, हातमोजे, चष्मा मिळून सात हजार. शॉकअप, बुश, बॉल जॉइंट आणि लेथवाल्याची मजुरी चोवीस हजार. चांगल्या पोलादाचे नट-बोल्टच सहा हजारांचे, कारण चाक धरून ठेवणारा बोल्ट भंगारातला चालत नाही. ब्रेकचे पाइप आणि सिलिंडर नऊ हजार. जुने इंजिन खोलले की रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आलेच, बावीस हजार. मग रेडिएटर, वायरिंग, बॅटरी, सीट, पट्टे. टायर त्याने चार धरले होते, मी स्टेपनी मिळवली. फायबरचे नाक आणि अॅल्युमिनियमचा पत्रा यांनी तर तोंडच उघडले.

बेरीज झाली २ लाख १ हजार ५००. त्यावर मी 'चुकांसाठी' म्हणून पाचवा हिस्सा धरला, ४० हजार ३००. "चुका का म्हणून?" तो चिडला. मी म्हटले, पंचवीस वर्षे वह्या तपासते आहे, चुका होतात. एकूण २ लाख ४१ हजार ८००.

तो बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "अम्मी, आपको ना ही बोलना था ना? तो सीधा बोल देते." मला उत्तर सुचले नाही.

मुलगी बाजूला बसून भाजी निवडत होती. तिने हजेरीपट ओढून वाचला आणि म्हणाली, "भाईजान, नंबर प्लेटचे पैसे कुठे लिहिलेत?"

दोन दिवसांनी हा प्रश्न चाचाकडे गेला. तो हसला. त्याला पहिल्यापासून माहीत होते. "गाडी बनेगी भाभी, पासिंग नहीं होगी." आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२६ वा नियम आहे. गाडी बनवणाऱ्याने नमुना सरकारमान्य संस्थेत तपासून घ्यायचा. आपल्या राज्यात पुण्याची एआरएआय आहे, अहिल्यानगरची व्हीआरडीई आहे. तो कारखानदारांचा मामला. एका गाडीसाठी तो खर्च आमच्यासारख्याच्या आवाक्यातला नाही. ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी करून नंबर देण्याची सोय आहे, म्हणून तिथे हा छंद रस्त्यावर येऊ शकला. मुलाने पळवाट काढली की ओम्नीचे आरसी बुक तर असेल, तोच एमएच-३९ चा नंबर नव्या सांगाड्यावर लावू. चाचाने कानाला हात लावला. कंपनीने दिलेला मूळ नमुना बदलता येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. आणि गाडी कायमची मोडली तर चौदा दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करून घ्यायची असते. म्हणजे खोटी प्लेट लावण्याचा रस्ता बंद, आणि आमच्या घरात तो उघडलाही नसता.

आता मुलाने हुकमाचा पत्ता टाकला, देवराष्ट्रेचे दत्तात्रय लोहार. सांगली जिल्ह्यातले हे गाव यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या या लोहारकाम करणाऱ्या माणसाने मुलाच्या हट्टासाठी भंगारातून चारचाकी बनवली. किक मारून चालू होणारी, खर्च सुमारे ६० हजार. २०२१ च्या डिसेंबरात तिची बातमी देशभर झाली. "वो साठ हजार में कर सकते हैं!"

मी ती हकिकत पुन्हा नीट वाचली. ६० हजारांत लोहारांच्या हातांची किंमत कुठे आहे? भट्टी घरची, हत्यारे घरची, लोखंड कसे वागते याचे ज्ञान आयुष्यभराचे. आमच्या हिशेबात या तिन्ही गोष्टी बाहेरून आणायच्या होत्या. आणि शेवट काय झाला? आनंद महिंद्रांनी कौतुक केले, पण ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला अडवले जाईल, असेही लिहिले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळालीही. मुलगा म्हणाला, "मग आपल्यालाही कोणीतरी बोलेरो देईल." अब्बा म्हणाले, अंदाजपत्रकात जमेच्या बाजूला लिही. त्या आठवड्यात आम्ही सगळे एकत्र हसलो ते तेव्हाच.

पण माझ्या मनातून त्याचे ते वाक्य जात नव्हते. सीधा बोल देते.

१९९८ साली, ज्या वर्षी १ जुलैला नंदुरबार धुळ्यापासून वेगळा जिल्हा झाला, त्या वर्षी मी सायन्समधून बारावी झाले. मला बी.एस्सी. करायचे होते. त्याच उन्हाळ्यात माझ्या अब्बांनी भावासाठी रिक्षा घेतली. मला एवढेच सांगितले गेले की पैसे नाहीत. मी डी.एड.ला गेले, नोकरीत असताना उर्दू-मराठी घेऊन बी.ए. आणि लग्नानंतर बी.एड. केले. अल्हमदुलिल्लाह, काही वाईट झाले नाही. भावाच्या रिक्षेवर घर चालले, माझ्या डी.एड.ची फीसुद्धा त्याच रिक्षेतून गेली असेल. पण 'असेल'च. कारण कोणता पैसा कुठून आला, कुठे गेला हे मला कोणी दाखवले नाही. अब्बांकडे लाल कापडाच्या पुठ्ठ्याची एक वही होती. ते वारले तेव्हा ती रद्दीत गेली. मी ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. मुलांमध्ये न्याय करा, ही शिकवण त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती आणि कदाचित त्यांनी न्यायच केला असेल. मला तो वाचता आला नाही, इतकेच.

त्या रात्री मी दोन्ही मुलांना बोलावले आणि हजेरीपटाचे दुसरे पान उघडले. माझा पगार, अब्बांचा पगार, घराचा खर्च, दादींची औषधे, जकातीसाठी बाजूला ठेवलेले, भिशीचा हप्ता, सगळे लिहिले. मुलगा वीस वर्षांचा, मुलगी सतराची, आणि घराचा पूर्ण हिशेब त्यांनी पहिल्यांदा पाहिला. मग मी म्हटले, "हो, मला नाहीच म्हणायचे होते. भिशी तिच्या शिकवणीची आहे, तिला हात लागणार नाही. ते तुला त्याच दिवशी सरळ सांगायला हवे होते." मुलगी म्हणाली, "निम्मे भाईजानला द्या, मी घरी अभ्यास करीन." मुलाने तिच्या डोक्यावर टपली मारली. मी दोघांनाही गप्प केले. असले त्याग मला घरात नको होते, एकदा झाला तेवढा पुरे.

मुलाने पान उलटून पुन्हा गाडीचा हिशेब काढला. बराच वेळ बघून म्हणाला, "सांगाडा तर साडेसहाचाच आहे ना?"

म्हणजे गाडी नाही, फक्त सांगाडा. चाचा त्याला कामाचे थोडे पैसे देतो, त्यातून पाइप घ्यायचे. वेल्डिंग मशीन चाचाचे, पण रॉड आणि चक्त्या स्वतःच्या. वीज चाचाची जळते, म्हणून रविवारी दोन तास गॅरेज झाडायचे. नंबरचा प्रश्न नाही, कारण चाके नाहीत. त्याला अजून एक आशा आहे. मध्य प्रदेशात पीथमपूरला २००७ पासून 'बाहा' नावाची स्पर्धा होते, तिथे इंजिनिअरिंगची मुले स्वतः बांधलेली गाडी बंद मैदानावर पळवतात. डिप्लोमानंतर डिग्रीला प्रवेश मिळाला तर अशा चमूत जाता येईल, आणि तिथे वेल्डिंग येणारा मुलगा लागतोच, असे तो म्हणतो. इन्शाअल्लाह.

पाइप मेअखेरीस आले, शिकवणीची फी जूनमध्ये भरली. ऑगस्टमध्ये सांगाडा पहिल्यांदा उभा राहिला. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत टेप लावला तर एक कर्ण दुसऱ्यापेक्षा आठ मिलिमीटर जास्त. गुण्या लावून, खडूने खुणा करून, टॅक मारून केलेले काम, तरीही. टेपचे दुसरे टोक बहिणीने धरले होते. तिनेच तीनदा मोजून घ्यायला लावले. चाचा म्हणाला, एवढ्याने काही बिघडत नाही. मुलगा असरपासून मगरिबपर्यंत तिथेच बसून राहिला आणि दुसऱ्या दिवशी चार जोड कापून टाकले.

हजेरीपट आता त्याच्याकडे असतो. महिन्याच्या शेवटी आणून दाखवतो आणि मी वहीसारखी लाल सही करते. मागच्या महिन्यात 'चुका' या सदरात दोन ओळी होत्या: पाइप तीन मीटर, चक्त्या चार नग. रक्कम ५८० रुपये. खाली कोणीतरी पेन्सिलीने लिहिले होते, अजून ३९ हजार ७२० शिल्लक. अक्षर मुलीचे होते.