निकितिनचे त्वेर

मॉस्कोहून पीटर्सबर्गकडे निघालेला प्रवासी सहसा त्वेरला उतरत नाही. मॉस्कोपासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आतले हे गाव तो खिडकीतूनच पाहतो. मी मात्र मुद्दाम उतरलो, आणि त्याचे कारण आपल्या कोकणातले चौल!

व्होल्गा आणि त्वेर्त्सा या नद्यांच्या संगमावर वसलेले त्वेर एके काळी स्वतंत्र राज्य होते. मॉस्कोच्या बरोबरीने मान मागणारे, किंबहुना तिचे हाडवैरीच! १३२७ साली त्वेरकरांनी तातारांविरुद्ध बंड केले. ते चिरडायला तातार फौजेबरोबर कोण आले असेल? मॉस्कोचा राजा! अखेर १४८५ मध्ये मॉस्कोने त्वेर गिळले.

१७६३ च्या आगीत जुने लाकडी गाव बेचिराख झाले. सम्राज्ञी कॅथरिनने ते नव्याने आखून घेतले, आणि त्रिशूळाच्या पात्यांसारखे एका चौकातून फुटणारे तीन सरळ रस्ते आजही तिची आठवण देतात. दोन राजधान्यांमधल्या प्रवासात मुक्कामासाठी तिने बांधवलेल्या प्रासादात आता चित्रसंग्रहालय आहे. त्याहून जुने काही पाहायचे, तर १५६४ चे शुभ्र त्रिमूर्ती चर्च. १९३१ ते १९९० या काळात गावाचे नावही बदलून कालिनिन झाले होते. १९४१ च्या ऑक्टोबरात जर्मन शिरले. दोन महिन्यांनी, १६ डिसेंबरला, लाल सेनेने गाव सोडवले.

पण माझे पाय ओढत होते नदीपलीकडे. तिथे घोड्याच्या मुखाची नाळ असलेल्या नौकेवर दाढीवाला अफनासी निकितिन उभा आहे. हा पुतळा १९५५ चा.

हा त्वेरचा व्यापारी १४६८ च्या सुमारास माल घेऊन व्होल्गेतून खाली निघाला. आस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. परतावे तर डोक्यावर कर्ज! तेव्हा बाकू, इराण, होर्मुझ करीत तो एक घोडा घेऊन चौलला उतरला. वास्को द गामा यायला अजून जवळजवळ तीस वर्षे होती! या गोऱ्या माणसाला पाहायला लोकांची झुंबड उडे, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे जुन्नरला पावसाळा काढला. तिथल्या खानाने धर्म बदलण्याच्या अटीवर त्याचा घोडा अडकवला. एका खोरासानी गृहस्थाने रदबदली करून तो सोडवला. मग बीदर पाहून दाभोळहून तो परतला.

व्यापार म्हणाल, तर शून्य! मिरी आणि रंग स्वस्त, पण जकात जबर आणि समुद्रावर चाचे. रशियाजोगा माल इथे नाही, असा त्याचा स्वच्छ हिशेब. घरही त्याला दिसले नाही. स्मोलेन्स्कच्या अलीकडे त्याने डोळे मिटले, आणि त्याच्या वह्या १४७५ मध्ये पोहोचल्या त्या मॉस्कोत, त्वेरच्या वैऱ्याच्या घरी!

तरीही राजांच्या या गावाने दर्शनी घाटावर उभा केला तो हा फसलेला व्यापारी. १९५७ च्या 'परदेसी' चित्रपटात नर्गिसबरोबर तो आपल्याकडेही येऊन गेला, आणि चौलशेजारच्या रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. वाचकहो, अलिबागला गेलात तर तेवढी वाकडी वाट कराच. व्होल्गेवर जाणे ज्याला जमेल त्याला जमेल. आपल्या दारी आलेल्या या पाहुण्याला रामराम करायला काय हरकत आहे?