डब्यावर वेग लिहा ना राव! ९६०० की ११५२००?

मंडळी, विषय तांत्रिक आहे, पण गोरेगावसारख्या गावात त्याची झळ रांगेत उभ्या माणसाला बसते, म्हणून लिहितोय.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडच्या एका कार्यालयातला इंटरनेटचा डबा बंद पडला. पीक विम्याची मुदत तोंडावर, बाहेर शेतकऱ्यांची रांग. नेटवर्कच गेलं की डब्याशी बोलायचा एकच मार्ग उरतो, सिरीयल कन्सोल. लॅपटॉपला केबल लावायची आणि डबा काय म्हणतो ते वाचायचं. तिथल्या पोराने केबल लावली. सुरुवातीच्या ओळी स्वच्छ, नंतर नुसती चिन्हांची खिचडी. "दादा, हे जळालंय, जिल्ह्याला पाठवावं लागतंय." मी संध्याकाळी पोचलो, वेग ११५२०० चा ९६०० केला आणि सगळं वाचता आलं. एक फाईल खराब झाली होती, दहा मिनिटांचं काम. रांगेतली माणसं मात्र कधीच घरी गेलेली.

झालं असं की डबा सुरू करणारा बूटलोडर ११५२०० ने बोलत होता. पुढे लिनक्सला वेग कुणी सांगितलाच नव्हता, आणि न सांगितल्यास लिनक्स ९६०० धरतं. कागदोपत्री तसं लिहिलेलं आहे, पण तो कागद गोरेगावात कोण बघणार?

९६०० हा जुन्या टर्मिनलांच्या काळातला आकडा. एका अक्षराला साधारण १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. सुरू होताना ६० हजार अक्षरं छापणारं यंत्र नुसतं बोलण्यातच मिनिटभर घालवतं. ११५२०० ला तेच पाच-सहा सेकंदांत. हा आकडाही आभाळातून पडला नाही : जुन्या पीसीच्या सिरीयल चिपला १.८४३२ मेगाहर्ट्झचं घड्याळ असायचं, त्याला १६ ने भागा, बरोबर ११५२०० येतात. तेव्हाच्या चिपला तो वेग झेपणं अवघड होतं, आता ती अडचण नाही. फ्रीबीएसडीने १४.० या आवृत्तीत (२०२३) बूटलोडरपासून पुढे सगळीकडे ११५२०० केलं. मला तेच पटतं. मुख्य म्हणजे "सगळीकडे" हे पटतं. अर्ध्यात वेग बदलणारं यंत्र हे पूर्ण मुक्या यंत्रापेक्षा वाईट, कारण ते जळाल्यासारखं दिसतं.

काही जण म्हणतात, ९६०० च ठेवा, अनोळखी माणूस आधी तोच लावून बघतो. मुद्दा खोटा नाही. राउटर-स्विचवाल्यांची सवय अजून तीच आहे. पण मग अंदाजावर सोडताच कशाला? सोयाबीनच्या बियाण्याच्या पिशवीला उगवणशक्तीचं लेबल लावणं कायद्याने बंधनकारक आहे. सरकारी पैशाने घेतलेल्या डब्याला एक आकड्याचं स्टिकर लावायला काय जातंय? निविदेत एक ओळ टाका : सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वेग, आणि तो डब्यावर छापलेला.

ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. तुमच्या गावातला डबा उलटा करून बघा, काही लिहिलंय का ते खाली कमेंटमध्ये सांगा.