जमीन आधी

पोटावर उतरलेल्या लढाऊ विमानाचा डायोरामा समोर आला की नजर आधी कॉकपिटकडे जाते. जाऊ द्यावी, पण फार वेळ तिथे ठेवू नये. पाहायची जागा पंखाच्या कडेखाली असते. पत्रा मातीला भिडतो ती जेमतेम दोन मिलिमीटरांची रेषा. तिथे सावलीची बारीकशी जरी फट दिसली तरी सगळं ओमफस्. मग वर रंग कितीही नामी उतरलेला असो, डेकल कितीही सफाईने बसलेली असोत, ते विमान तिथे आदळलेलं वाटत नाही. कुणीतरी हलक्या हाताने आणून ठेवल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं असं की या प्रकारात बेस हीच मुख्य कृती आहे आणि विमान तिच्यामागून येतं. आपण सगळे मात्र उलट्या क्रमाने चालतो: महिनोन्महिने विमान, आणि स्पर्धा तोंडावर आली की घाईघाईने प्लास्टर, वाळू, गवत. दिवाळीचा किल्ला करणारी पोरं या बाबतीत आपल्याहून शहाणी. ती आधी माती मळतात आणि महाराजांना सगळ्यात शेवटी सिंहासनावर बसवतात.

पुरावा हवा असेल तर अकुतानचा झिरो घ्या. ४ जून १९४२ रोजी अलास्कातल्या डच हार्बरवरच्या हल्ल्यात तादायोशी कोगा या जपानी वैमानिकाच्या विमानाची तेलाची नळी गोळी लागून फुटली. अकुतान बेटावरचं हिरवं सपाट मैदान वरून पक्कं दिसलं, म्हणून तो चाकं काढून उतरला. गवताखाली दलदल होती. चाकं रुतली, विमान नाकावरून उलटं पडलं, कोगा गेला. विमान मात्र इतकं शाबूत राहिलं की जुलैत ते अमेरिकनांच्या हाती लागलं आणि सप्टेंबरमध्ये सॅन दिएगोला दुरुस्त होऊन उडालंही. हा प्रसंग करायला घेतला तर विमानाची मोडतोड करायला फारसा वावच नाही. चाकांच्या चऱ्या आखूड, त्या जिथे संपतात तिथेच उपडं पडलेलं धड. जे घडलं ते सगळं चिखलाने घडवलं. आता याच्या शेजारी २४ मे १९४०चा कॅलेचा किनारा ठेवा. ९२ स्क्वाड्रनच्या पीटर कॅझनोव्हने पी ९३७४ क्रमांकाचं स्पिटफायर चाकं न काढता ओल्या वाळूवर घसरवलं. तो युद्धकैदी झाला, विमान पुढे वाळूने गिळलं आणि १९८०मध्ये परत वर आलं. तेच विमान केंटमधल्या कापणी झालेल्या शेतात उतरलं असतं तर मागे उरलेला माग वेगळा दिसला असता, आणि पोटाचा पत्राही वेगळ्या तऱ्हेने फाटला असता.

विमानाच्या हाती फक्त एवढंच असतं, की जमिनीला पहिला स्पर्श कशाचा होणार. पहिल्या मार्कच्या स्पिटफायरचं मोठं रेडिएटर उजव्या पंखाखाली आणि डाव्याखाली बारीकसा ऑइल कूलर. हरिकेनचं रेडिएटर पोटाच्या मधोमध. मेसरश्मिट १०९-ईचा ऑइल कूलर हनुवटीखाली, रेडिएटर दोन्ही पंखांखाली. मस्टँगचं पोटाखालचं खोकं तर असं, की ते विमान पाण्यावर टेकवायला वैमानिक धजत नसत. खोकं पाण्यात घुसून नाक खाली खेचलं जाई. म्हणजे प्रत्येक विमान आपापली चर आपल्या पोटाच्या आकाराने ओढतं. स्पिटफायरमागची चर जर दोन्हीकडे सारख्या खोलीची आणि फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ असेल, तर करणाऱ्याने विमान उलटं करून कधी पाहिलेलंच नाही असं मी धरून चालतो. उजवी बाजू आधी रुतणार आणि जास्त अडणार. शेवटच्या काही मीटरांत नाक तिकडे वळलेलं असणं हेच तर्काला धरून आहे.

यावर ठरलेला आक्षेप असा की प्लास्टिक हलकं असतं, म्हणून मॉडेल तरंगल्यासारखं दिसणारच. काहीजण त्यासाठी पोटात शिशाच्या गोळ्या भरतात. हिशेब मांडून पाहावा. भरलेलं स्पिटफायर साधारण २,७०० किलोचं. १:४८ प्रमाणात वजन घनाने उतरतं, म्हणजे १,१०,५९२ने भागायचं. उत्तर येतं जेमतेम २५ ग्रॅम. प्लास्टिकचं किट तेवढं भरतंच. तेव्हा वजन कमी पडतं ही तक्रार खोटी. ते कमी दिसतं एवढीच खरी. वजन विमानात दिसत नाही, ते दाबल्या गेलेल्या मातीत दिसतं: पंखाच्या पुढच्या कडेशी साचलेला ढीग, मागे खरवडून निघालेली पट्टी, ज्या दिशेने विमान गेलं त्याच दिशेला आडवं झालेलं गवत. आणि पत्र्यात दिसतं. खऱ्या विमानाचा पत्रा मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ. किटचा एक मिलिमीटर म्हणजे ४८ मिलिमीटर जाडीची भिंत, ती कशी चुरगळणार? पोळ्या गुंडाळायचं फॉइल मात्र ०.०१५ मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे प्रमाणात पाऊण मिलिमीटर. ते फ्रेमांवर चढवून बोटाने दाबलं की फ्रेमा बरगड्यांसारख्या वर येतात आणि मधला पत्रा खळगा धरतो. वाळूचंही तेच. ०.३ मिलिमीटरचा कण १४ मिलिमीटरचा खडा होऊन बसतो, म्हणून माती वस्त्रगाळच हवी. पाण्याला तर प्रमाण कळतच नाही. ओली वाळू दाखवायला पाणी वापरणाऱ्यांना माझा नमस्कार.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. फोटो आहेत ना, मग तर्क कशाला? पण फोटो उतरण्याच्या क्षणाचे नसतात. शत्रूचं पडलेलं विमान दिसलं की सैनिक त्यावर चढून, टेकून फोटो काढून घेत. कॅलेच्या स्पिटफायरवर जर्मनांनी तेच केलं. तोवर पायांनी चर मोडलेली असते, किनाऱ्यावर भरतीने पंखाभोवतीची वाळू धुऊन नेलेली असते, आठवण म्हणून कुणी काही उचकटून नेलेलं असतं. फोटो पुरावा आहे, पण कोणत्या तासाचा हे आधी ठरवायला हवं. डेनिस कॉपिंग या वैमानिकाचं किटीहॉक विमान २८ जून १९४२ला इजिप्तच्या वाळवंटात उतरलं आणि २०१२मध्ये सापडलं. सत्तर वर्षांच्या वाळूने घासून पांढरा पडलेला त्याचा पत्रा पाहून अनेकांना एअरब्रश उचलावासा वाटला, आणि त्यांनी त्या झिजलेल्या विमानाशेजारी उभा केला १९४२चा ताजातवाना वैमानिक. हल्लीच्या वेदरिंगच्या फॅशनचा हा कळस. बाटलीतला तयार चिखल, तयार बेस, गंजाचे सहा पदर. सगळं काही विमानावर, आणि घटना कुठेच नाही. १९७०च्या दशकात मोनोग्रामच्या किटबरोबर शेपर्ड पेनची डायोरामाची पत्रकं येत, त्यांत सामान्य हौशी माणसाला आधी प्रसंग विचारात घ्यायला शिकवलं जाई. आता आधी बाटली विकत घेतली जाते.

तिसरा आक्षेप थोडा खवचट आहे: हात थरथरायला लागला, डोळ्यांना डायलवरचे आकडे दिसेनासे झाले, म्हणून आता मातीचं कौतुक. यात तथ्य आहे, नाकारत नाही. तरुण डोळ्यांना इन्स्ट्रुमेंट पॅनल खुणावतं, उतारवयाला चिखल परवडतो. पण एखादं मत सोयीचं आहे एवढ्यावरून ते चुकीचं ठरत नाही. उलट बाजूही सांगतो. पोटावर उतरताना स्पिटफायरचा वैमानिक हूड मागे सरकवून, बाजूचं दार अर्धवट उघडून अडकवत असे, म्हणजे धक्क्याने हूड पुढे येऊन बंद होत नसे. त्यामुळे हूड बंद दाखवणं चूकच. हे मी अभ्यासू चेहऱ्याने सांगतो खरा, पण हूड उघडं ठेवलं की आतलं काम परीक्षकांना दिसतं, ही गोष्ट माझ्या सत्यनिष्ठेला मोठाच आधार देते.

सुटलेलं नाही ते प्रोपेलरचं. ठोकळ नियम सगळ्यांना माहीत आहे: इंजिन बंद असेल तर खालची पाती मागे वाकतात आणि वरचं सरळ राहतं, जोर चालू असेल तर सगळी वाकतात, टोकं पुढे वळतात, लाकडी असतील तर तुकडे उडतात. पण पाती वाकवून थांबणं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगणं. फिरतं पातं चरीच्या सुरुवातीला जमिनीवर वार करत जातं. इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर धरलं, तर स्पिटफायरच्या मर्लिन ३ इंजिनाच्या ०.४७७ गिअरने प्रोपेलरच्या साधारण ९५० फेऱ्या, तीन पाती, वेग ताशी १३० किलोमीटर. दोन वारांमधलं अंतर येतं ७५ सेंटिमीटर, बेसवर १६ मिलिमीटर. पुढे वेग आणि फेरे आपापल्या तऱ्हेने मंदावणार, म्हणजे अंतर बदलत जाणार, पण कसं? प्रोपेलर आधी थांबला तर वार विरळ होऊन संपतात, विमान आधी मंदावलं तर ते दाटत जातात. ओल्या वाळूत आणि कडक शेतात याचं उत्तर एक असणार नाही. शिवाय मर्लिनचा प्रोपेलर कॉकपिटमधून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, म्हणजे खालचं पातं उजवीकडून डावीकडे जातं आणि ढेकळं डावीकडे उडतात. ग्रिफन इंजिनाच्या स्पिटफायरला हे नेमकं उलटं. तेव्हा मर्लिनवाल्या स्पिटफायरच्या बेसची डावी बाजू जास्त घाण हवी. स्पर्धेत कुणी परीक्षक विचारेल की इकडे चिखल जास्त का सांडला, आणि मला हे सगळं सांगता येईल. मग बक्षीस नाही मिळालं तरी चालेल. म्हणजे, चालणार नाही, पण तसं म्हणेन.