टाचेखालचं पान

आमचं घर मूळचं नांदेड जिल्ह्यातलं. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं माणिकगडच्या पहाडावर येऊन राहिली, त्यात आजोबाही होते. जिवतीकडं आमचं वावर सगळं चढउताराचं. सपाट जमीन पाहिली ती शाळेच्या मैदानावर, आणि तिथंच सातवीत कराटे सुरू झालं.

सर दर रविवारी गडचांदूरहून घाट चढून यायचे. हेयान शोदान हा शोतोकान शैलीतला सुरुवातीचा काता, म्हणजे २१ हालचालींचा ठरलेला क्रम. तो त्यांनी आमच्याकडून दोन वर्षं घोटून घेतला. माझी मागच्या पायाची टाच सारखी उचलली जायची. मग सर टाचेखाली पळसाचं पान ठेवायचे आणि ठोसा मारला की वाकून ओढायचे. फाटलं तर टाच टेकलेली. अख्खं हातात आलं की काता पहिल्यापासून! एका बेल्ट परीक्षेत तर या टाचेपायीच नापास झाले.

कुमितेला, म्हणजे समोरासमोरच्या लढतीला, जोडीदारीण लांब पायांची, मी बुटकी. मी पोचायच्या आत तिची लाथ पोचायची. एकदा नकळत मी आडवी वळले आणि कडेकडेनं दोन आखूड पावलं टाकत आत घुसले. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन उतार उतरताना पाय असेच आडवे टाकावे लागतात, नाहीतर तोंडावर पडायचं. माझा ठोसा तिच्या बरगडीपाशी थांबला.

"हे कुणी शिकवलं गं?"

"वावरात असंच चालतो, सर."

"कुमितेत ठेव. कातामध्ये दिसलं तर पान आहेच."

काता आणि लढत यांतला हा फरक शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशींनी आपल्या वीस सूत्रांत सांगून ठेवलाय, हे फार उशिरा वाचलं. तेही बुटकेच होते म्हणे, त्याचं मला जरा जास्तच बरं वाटलं.

आता पोरं मोबाइलवर बघून पहिल्याच महिन्यात 'आपली स्टाइल' काढतात. टोकलं की ब्रूस लीचं नाव पुढं. त्यानं १९६७ मध्ये आपल्या पद्धतीला जीत कुन दो नाव दिलं खरं, पण त्याआधी यिप मान यांच्याकडं विंग चुन शिकला होता, ते कुणी सांगत नाही. मला पोरांची ती स्टाइल नाही, आळस वाटतो.

हल्ली रविवारी मीच शिकवते. एक डावखुरी मुलगी आहे. तिचा डावा ठोसा मला अजून चुकवता येत नाही, त्याला मी हात लावणार नाही. काताला मात्र तिचं पान अख्खंच निघतं.