काकांचं गणित

दिवाळीत परभणीला घरी गेले, तर काका 10-डी फॉर्म घेऊन बसलेले. "माय, तू इंजिनिअर होणार ना? एवढं गणित करून दे." मी पडले कॉन्व्हेंटवाली, 'अंशदान' या शब्दावरच अडखळले!

काका साखर कारखान्यात गव्हाणीवर हंगामी कामगार. चार-पाच महिने काम, मग ऑफ सीझन. मला वाटलं, 24 हंगाम म्हणजे जेमतेम दहा वर्षं नोकरी. पण ईपीएस-95 मध्ये हंगामी कामगाराचा एक हंगाम पूर्ण वर्ष धरतात. काकांना हे युनियनमुळे आधीच ठाऊक होतं. सरासरी पगार 10,000, गुणिले 26 (वीस वर्षांच्या वर सेवा असली की दोन वर्षं वाढवून धरतात), भागिले 70. म्हणजे 58 व्या वर्षी महिना साधारण 3,710 रुपये. पण काका 54 चे आणि गुडघे पार गेलेले. पन्नाशीनंतर लवकर पेन्शन मिळते, मात्र 58 ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांची दरवर्षी 4 टक्के कपात, तीही कायमची. उरतात अंदाजे 3,150.

"अन् दवाखान्याचं?" काकूने विचारलं.

पेन्शन योजनेत दवाखाना नाहीच. आणि ईएसआयमधून हंगामी कारखाने वगळलेले, साखर त्यातच! पेन्शनला हंगाम म्हणजे वर्ष, आजारपणाला मात्र हंगामी म्हणजे बाहेरचा. असलं लॉजिक सबमिशनमध्ये लिहिलं तर सर जर्नल तोंडावर फेकतील.

काकांनी फॉर्मची घडी घातली. "यंदाचा हंगाम काढतो," म्हणाले. काकू तेल गरम करायला उठली.